फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरचे जुने मॉडेल : पारख आणि जपणूक

हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा छोटा करडा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बॅनर लेन कारखान्यात तयार होत होता आणि त्याची एकूण संख्या पाच लाखांच्या वर गेली. हायड्रॉलिकवर उचलली जाणारी औजारे आणि तीन ठिकाणी होणारी त्यांची जोडणी यांमुळे तो शेतकऱ्यांमध्ये लोकप्रिय झाला. तेव्हापासून आजतागायत त्याची खेळण्यातील मॉडेले निघत आली आहेत. असे मॉडेल विकत घेताना किंवा घरी सांभाळताना आधी ते कशाचे बनले आहे हे ठरवावे, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्यावर अवलंबून असते.

एअरफिक्स कंपनीने १९४९ मध्ये फर्ग्युसनच्या विक्री प्रतिनिधींसाठी केलेले प्लॅस्टिकचे मॉडेल प्रसिद्ध आहे. पुढे तेच सुट्या भागांच्या स्वरूपात दुकानांत विकले गेले. सुरुवातीची मॉडेले सेल्युलोज ॲसिटेटची होती आणि हे प्लॅस्टिक वयाबरोबर आक्रसते, वाकते व काही वेळा ॲसिटिक आम्ल सोडू लागते. म्हणून डबा उघडताच आधी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर झीज सुरू झाली आहे असे समजावे. त्यानंतर मॉडेल सपाट काचेवर ठेवून डोळे काचेच्या पातळीला आणावेत आणि चारही चाके टेकतात का ते पाहावे. एक पुढचे चाक काचेपासून किंचित वर राहत असेल, तर बहुधा बॉनेटपासून मागच्या आसापर्यंतचा सांगाडा पिळवटला आहे. गरम पाण्यात बुडवून तो सरळ करण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये.

धातूची मॉडेले बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे डायकास्ट असतात. लोहचुंबक आसाला चिकटतो, पण अंगाला चिकटत नाही, एवढ्यावरून ती ओळखता येतात. अंगालाही चुंबक चिकटला तर ते पत्र्याचे असण्याची शक्यता अधिक. ओतकामाच्या वेळी जस्तात शिसे किंवा कथिल मिसळलेले राहिले असेल, तर वर्षानुवर्षे ओतीव भाग आतून फुगत जातो, त्यावर जाळीदार तडे पडतात आणि शेवटी तो हातात भुगा होऊन येतो. या रोगाला उपाय नाही. रंगाखालचे फोड, कडांवरचे केसासारखे तडे आणि घट्ट होऊन न फिरणारे आस ही त्याची लक्षणे दिसली, तर कितीही स्वस्त मिळाले तरी ते मॉडेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर प्रमाण तपासावे. खऱ्या ट्रॅक्टरची लांबी सुमारे २.९ मीटर आहे, त्यामुळे १:१६ प्रमाणातील मॉडेल सुमारे १८ सेंटीमीटर आणि १:३२ मधील सुमारे ९ सेंटीमीटर भरले पाहिजे. विक्रेत्याने फक्त छायाचित्रे पाठवली असतील, तर पट्टी शेजारी ठेवून पुन्हा काढायला सांगावे आणि तळाचे छायाचित्रही मागावे, कारण निर्मात्याचे नाव सहसा तिथेच असते.

रंगाकडे मात्र सावकाश पाहावे. शेतीसाठीचा टीई-२० कारखान्यातून चाकांसकट करडाच बाहेर पडत असे. त्याच्यानंतर १९५६ मध्ये आलेल्या फर्ग्युसनच्याच एफई-३५ ट्रॅक्टरचे इंजिन तांब्याच्या छटेचे होते, तर महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा लाल मॅसी फर्ग्युसन हा त्यापुढचा अवतार. त्यामुळे लाल रंगाच्या टीई-२० चे कारण विचारलेच पाहिजे. एडमंड हिलरी १९५८ मध्ये याच जातीच्या ट्रॅक्टरांनी दक्षिण ध्रुवावर पोहोचले होते, तेव्हा त्यांच्या चाकांभोवती रणगाड्यासारखे पट्टे लावलेले होते, म्हणून असे पट्टे लावलेले मॉडेल दिसले तरी ते लगेच बनावट ठरवू नये. नंतर मारलेला रंग रिव्हेटच्या डोक्यांवर, आसांच्या टोकांवर आणि टायरच्या कडेवर चढलेला सापडतो. रंग उडालेले पण मूळचे मॉडेल नव्याने रंगवलेल्या चकचकीत मॉडेलपेक्षा केव्हाही सरस, आणि म्हणूनच आपणही त्यावर कुंचला चालवू नये. जुना म्हणून विकला जाणारा खोका नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली धरावा. आधुनिक कागद बहुधा निळसर पांढरा चमकतो.

सफाईसाठी मऊ ब्रशने धूळ झटकावी. मळ चिकटला असेल तर कापूस लावलेली काडी सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पिळून घ्यावी आणि आधी तळाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर फिरवून पाहावी. काडीवर करडा रंग उतरला तर तिथेच थांबावे. थिनर, टूथपेस्ट आणि भांडी घासण्याची पावडर यांना हातही लावू नये, तसेच नावाच्या चिकटपट्ट्या भिजू देऊ नयेत. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून काम संपल्यावर हात धुवावेत आणि असे मॉडेल लहान मुलांच्या हाती देऊ नये.

ठेवण्याच्या बाबतीत दोन्ही पदार्थांच्या गरजा वेगळ्या आहेत. धातूच्या मॉडेलला कोरडेपणा हवा, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. ॲसिटेटच्या मॉडेलला थंडावा आणि खेळती हवा हवी, कारण हवाबंद डब्यात त्याचेच आम्ल साठून झीज वेगाने वाढते. हे आम्ल जस्तालाही खाते, म्हणून दोन्ही प्रकार एका कपाटात ठेवू नयेत. मऊ टायर प्लॅस्टिकवर टेकून राहिले तर कालांतराने तिथे खड्डा पडतो, तेव्हा मध्ये आम्लमुक्त कागदाचा तुकडा ठेवावा. दरवर्षी त्याच कोनातून तळाचे आणि पुढच्या आसाचे छायाचित्र काढून मागच्याशी ताडून पाहिले, तर तडा नवा की जुना हे निश्चित सांगता येते.