समोरचा जास्त रेटिंगचा असेल, तर या चुका टाळा

बुद्धिबळाच्या स्पर्धेत जोडी लागली आणि समोरच्याचं रेटिंग दोनशेंनी जास्त निघालं, की अनेक जण बरोबरीचेच बेत आखू लागतात. एलोचं, म्हणजे रेटिंग काढायच्या पद्धतीचं, गणित इतकं निर्दयी नाही. 200 च्या फरकाला कमी रेटिंगवाल्याकडून डावामागे साधारण 0.24 गुणांची अपेक्षा असते (विजयाला 1, बरोबरीला अर्धा), 400 च्या फरकालाही 0.09 ची. 2023 च्या कतार मास्टर्समध्ये अलिशेर सुलेमेनोव्हने जगात अव्वल असलेल्या मॅग्नस कार्लसनला हरवलं, तेव्हा फरक तीनशेहून जास्त होता.

सगळ्यात महाग पडते ती मारामारी, म्हणजे मोहऱ्यांची अदलाबदल. मोहरी कमी झाली की बरोबरी सुटेल, या आशेने वजिरावर वजीर द्यायचा, घोड्यावर उंट द्यायचा, पट रिकामा करायचा. पण रेटिंगचा फरक एंडगेममध्येच, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यातच, जास्त बोचतो. हत्तींच्या एंडगेममध्ये तुमचा हत्ती एका प्याद्याच्या राखणीला अडकला, की पुढचे दोन तास नुसती धुलाई. मारामारीआधी एवढंच बघा: उरलेल्या मोहऱ्यांत कोणाची चांगली? उत्तर ‘त्याची’ असेल तर ताण तसाच ठेवा. जिंकायची सक्ती त्याला आहे. धोका त्यालाच पत्करू द्या.

दुसरी चूक म्हणजे भाबडा विश्वास. त्याने प्यादं फुकट सोडलं, तर ‘यात काहीतरी असणारच’ म्हणून आपण हातच लावत नाही. वजीर, घोडा, शह, सगळं मोजून पाहा. काही सापडलं नाही तर खुशाल मारा. 2006 साली बॉनमध्ये डीप फ्रिट्झ या संगणक प्रोग्रामविरुद्ध खेळताना विश्वविजेत्या क्रामनिकला स्वतःवर येणारी एका चालीतली मात दिसली नव्हती!

डाव तुमच्याकडे झुकला, की बरोबरीचा प्रस्ताव हमखास येतो. लगेच हात पुढे करू नका. घड्याळ तुमचं चालू असतं हे खरं, पण विचार करायचा हक्क आहे. चाल खेळायच्या इराद्याने मोहऱ्याला हात लावला की प्रस्ताव आपोआप नाकारला जातो, तोंडाने काही बोलावं लागत नाही. एरवी मात्र हात आवरा. हात लावलेलं मोहरं नियमानुसार हलवावंच लागतं.

तो भराभर खेळतो म्हणून तुम्हीही भराभर खेळू नका.

आणि त्याच्याकडे एकटा राजा उरला, तरी गाफील राहू नका. स्टेलमेटच्या, म्हणजे शह नसताना खेळायला एकही चाल न उरून डाव बरोबरीत सुटण्याच्या, आशेवरच तो बसलेला असतो. वजिराने शह न देता त्याला कोंडत असाल, तर प्रत्येक चालीआधी त्याच्या राजाला एक घर मोकळं आहे ना, ते बघा.