होमस्कूलिंगचं बजेट: धाकटीच्या वेळची यादी

आधी परीक्षेचे पैसे वेगळे काढा. बाकीची यादी सावकाश वाचलीत तरी चालेल. थोरल्याच्या वेळी आम्ही वह्या-पुस्तकं, क्लास, सहली, सगळं मांडलं होतं, फक्त दहावीच्या परीक्षेचा रकाना नव्हता. ऐनवेळी मुदत ठेव मोडली. आता धाकटी घरी शिकणार आहे, तर तिच्या परीक्षेसाठी आरडी, म्हणजे दरमहा भरायची आवर्ती ठेव, पहिल्या महिन्यापासून सुरू झाली आहे आणि त्या पैशांना कुणी हात लावायचा नाही.

पुस्तकांवर फार खल करू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, 'किशोर' मासिकाचे जुने अंकही मिळतात. छापील हवीत तर पुण्यात पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहेच. अख्ख्या पुस्तकाची रंगीत प्रिंट मात्र काढू नका, तेवढ्या पैशांत नवं कोरं पुस्तक येऊन वर वडापाव होतो. विज्ञानाच्या साहित्याची हौस सुरुवातीला सगळ्यांनाच येते: सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, रोबोटचा संच. थांबा. अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर टाकाऊतून खेळणी करायच्या कृती फुकट आहेत. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर भूमितीचं पुष्कळ काम भागतं. इंटरनेट, प्रिंटरची शाई वगैरे तुम्हाला कळतंच.

आता पगार. दोघांपैकी एक जण घरी थांबणार किंवा काम निम्म्यावर आणणार. गेलेला पगार म्हणजे फक्त हातात यायचा तेवढा नव्हे. पीएफमधला कंपनीचा हिस्सा थांबतो, कंपनीचा मेडिक्लेम जातो, आणि त्याच पॉलिसीत सासू-सासरे असतील तर नव्या विम्याचा हप्ता ऐकून मटकन खाली बसाल. घरी थांबणारी बहुतेक वेळा आईच असते. तिच्या नावावर दरमहा पीपीएफमध्ये काहीतरी टाकायचं. जमलं तर बघू, असं नाही. हा होमस्कूलिंगचाच खर्च आहे, किराण्यासारखा.

'बरंय, फी वाचली!' म्हणणाऱ्या नातेवाइकांना पुढचा रकाना दाखवा. शाळेत मैदान, बाई आणि वर्गभर सवंगडी एकाच फीत येतात. घरी प्रत्येकाचं बिल वेगळं. फुटबॉल, तबला, पोहणं, वाचनालयाची अनामत, आणि मुलांना मुलं भेटावीत म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची रिक्षा. या रिक्षाला कात्री लावू नका. लावायचीच तर सहा वर्षांच्या पोराच्या ऑनलाइन कोडिंगला लावा. सवलतीही जातात. लोकलचा विद्यार्थी पास किंवा एसटीचा पास शाळेच्या सहीशिक्क्याशिवाय मिळत नाही. जुन्या करपद्धतीत शिक्षण शुल्काची वजावट मिळते ती शाळा-कॉलेजातल्या पूर्णवेळ शिक्षणाच्या फीची, घरच्या क्लासची नाही.

आणि परीक्षा. परत सांगते, परीक्षेचे पैसे वेगळे. मूल सात वर्षांचं असताना दहावी फार लांब वाटते, म्हणून हा रकाना रिकामा राहतो. वाटा मुख्यतः तीन. पहिली, राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म, खाजगी विद्यार्थी म्हणून. स्वस्त आहे, पण शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूल शाळेतून काढत असाल तर दाखला त्याच वेळी हातात घ्या आणि झेरॉक्स नव्हे, अस्सल प्रत जपा. शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंगचं नावही नाही, तेव्हा आपले कागद आपणच राखायचे. कधी शाळेत गेलंच नसेल तर ही वाट आधीच तपासून बघा.

दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीसाठी वय 14 पूर्ण हवं. लोक प्रवेशाची फी बघतात आणि म्हणतात, एवढंच? एवढंच नाही. परीक्षेची फी दर विषयाला वेगळी. प्रात्यक्षिकाची त्यावर वेगळी. सहावा विषय घेतला तर त्याचे वेगळे. तारीख चुकली की विलंब शुल्क. परीक्षा वर्षातून दोनदा होते, नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे विषय वाटून देता येतात. मुलासाठी हे फार चांगलं, पण केंद्रावरच्या खेपाही वाटल्या जातात. वेळापत्रक महिनाभराहून जास्त पसरलेलं असतं आणि केंद्र दूर आलं तर दर पेपरला गाडीभाडं, नाहीतर मुक्काम, शिवाय कुणाची तरी रजा. विज्ञान घेतलं तर मुलानं घरी प्रयोगशाळेतली उपकरणं कधी पाहिलेली नसतात, म्हणून प्रात्यक्षिकाच्या सरावाचे पैसे कुठल्यातरी क्लासला मोजावे लागतात. स्वाध्यायांना, म्हणजे टीएमएला, 20 टक्के गुण असतात. ते वेळेत भरा, त्याला फक्त शिस्त लागते.

तिसरी वाट केंब्रिज या परदेशी मंडळाची. इथे एकेका विषयाची फी हजारांत जाते, खाजगी विद्यार्थी घेणारं केंद्र शोधावं लागतं आणि केंद्र स्वतःचा आकार वर लावतं. या वाटेनं जायचं मनात असेल तर आत्ता ठरवा, तेरावं लागल्यावर नको. आरडीचा हप्ता कोणती वाट धरणार त्यावर ठरतो. ठरत नसेल तर महाग वाटेचा हप्ता धरा. उरले तर सायकल येईल. आणि मध्येच कुणाचं लग्न निघालं, फ्रिज बंद पडला, काहीही झालं तरी परीक्षेच्या पैशांतून नाही!

आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव एकच आहे ना? आत्ता बघा. नंतर दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, नोटरी, हेलपाटे.

अकरावी-बारावी: मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे मंडळ बदलताना लागणारा दाखला, मागून घ्या, कॉलेजात काय काय कागद लागतात ते आधी विचारा, प्रवेश परीक्षांच्या फॉर्मचे पैसे धरा. बारावीची आरडी वेगळी, दहावीची संपली की त्याच दिवशी उघडा. पासपोर्ट फोटो भरपूर काढून ठेवा.