गावच्या संमेलनात परिसंवादाला स्त्री वक्त्या कशा बोलवाव्यात

हिवाळा लागला की बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनांची तयारी सुरू होते. ग्रंथदिंडीत बायका पुढे असतात, मांडवात त्यांची बाजू भरलेली असते, पण परिसंवाद सुरू झाला की व्यासपीठावर बहुतेकदा पुरुषच दिसतात. कोणी ठरवून बायकांना वगळलेलं नसतं. वक्त्यांची यादी शेवटच्या पंधरवड्यात कार्यकारिणीच्या मोबाईलमधल्या नंबरांवरून होते आणि त्या मोबाईलमध्ये पुरुषांचेच नंबर जास्त असतात. त्यामुळे बदलायचा आहे तो कामाचा क्रम.

आधी जुन्या पत्रिका काढा

मागच्या 5 वर्षांच्या निमंत्रणपत्रिका पुढ्यात घ्या. संमेलनाध्यक्ष, परिसंवादाचे अध्यक्ष, वक्ते, सूत्रसंचालन, स्वागतगीत, आभार असे रकाने पाडा आणि नावं भरा. बायकांची नावं शेवटच्या तीन रकान्यांत साचलेली दिसतील. सगळ्या रकान्यांची बेरीज करून ‘आमच्याकडे 9 महिला होत्या’ असं म्हणू नका. परिसंवादात विषयावर बोलायला किती जणी होत्या, तेवढाच आकडा धरा.

हे फक्त खेड्यातलं नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1878 मध्ये सुरू झालं. 2025 च्या दिल्लीच्या 98 व्या संमेलनापर्यंत अध्यक्षपदी सहाच स्त्रिया आल्या: कुसुमावती देशपांडे (1961), दुर्गा भागवत (1975), शांता शेळके (1996), विजया राजाध्यक्ष (2001), अरुणा ढेरे (2019) आणि तारा भवाळकर (2025). बेळगावात 1929 आणि 1946 ला भरलेली संमेलनं तर पहिल्या स्त्री अध्यक्षांच्याही आधीची.

संमेलनाच्या 12 आठवडे आधी

कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव लिहून घ्या: चार वक्त्यांत किमान दोन स्त्रिया. अध्यक्ष वेगळे, त्यांना या दोनांत धरायचं नाही. एकच स्त्री बोलावली तर तिला ‘आता महिलांच्या बाजूनं सांगा’ म्हणतात आणि तिचा स्वतःचा अभ्यास बाजूला राहतो. शिवाय ऐनवेळी तिच्या घरी कोणी आजारी पडलं, तर व्यासपीठ पुन्हा पुरुषांचंच.

विषय ठरवताना ‘महिला आणि साहित्य’ असं वेगळं सत्र काढून मोकळं होऊ नका. मुख्य विषयातच त्यांना बोलवा. शेतीवर परिसंवाद असेल तर भात लावणारी, भांगलण करणारी बाई मजुरीचा हिशोब तोंडपाठ सांगू शकते. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावर चर्चा असेल, तर घरात कांड्या भरणाऱ्या बाईला धंद्याची मंदी आधी कळते. ग्रामविकास असेल तर कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, म्हणजे अनुभवी सदस्य गावातच आहेत. साहित्याचाच विषय असेल तर कॉलेजांचे मराठी विभाग, हायस्कुलातल्या शिक्षिका, वाचनालयांच्या ग्रंथपाल आणि स्थानिक दैनिकांत लिहिणाऱ्या जणी यांच्याकडे जा. दोन जागांसाठी 8 नावं तयार ठेवा.

तारीखही त्यांना विचारूनच पक्की करा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे रविवार हळदीकुंकवात जातात. सुगीचे आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेचे दिवसही टाळा. परवानगीमुळे किंवा दुसऱ्या कारणानं तारीख पुढं गेली, तर पहिला फोन स्त्री वक्त्यांना करा. त्यांना घरची सोय नव्यानं लावावी लागते.

बोलावणं कसं करावं

पुरुष वक्त्यांना बोलावण्याआधी स्त्रियांना विचारा. आधी पुरुषांचे होकार आले की जागा भरतात आणि उरलेली एक जागा ‘कुणीतरी महिला बघा’ म्हणून भरली जाते. फोन त्यांनाच करा, नवऱ्याला किंवा मुलाला नको. त्याच फोनवर विषय, मिळणारी मिनिटं, सोबतचे वक्ते, मानधन आणि परतीची गाडी एवढं सांगा, आणि दुसऱ्या दिवशी तेच पत्रानं कळवा. पत्रिकेत नाव कसं छापायचं तेही विचारा. ‘सौ.’ लावायचं की नाही, माहेरचं नाव की सासरचं, हे त्यांनी ठरवायचं.

‘मला कुठं बोलता येतं?’ असं उत्तर आलं म्हणजे नकार समजू नका. तीन मुद्दे लिहून काढायला सांगा, एकदा घरी जाऊन ऐका, घड्याळ लावून 12 मिनिटांत बसवायला मदत करा. खरीच अडचण असेल तर ती विचारून घ्या. लहान मूल, परीक्षेचं काम, रात्रीचा परतीचा प्रवास यांतल्या बऱ्याच अडचणी कार्यकारिणीला सोडवता येतात. तरीही नाही म्हटलं तर त्यांच्याकडून आणखी दोन नावं घ्या.

मानधन सगळ्या वक्त्यांना सारखं. साडी किंवा शाल-श्रीफळ हा मान, मानधन नव्हे. कर्नाटकात राज्यातल्या महिलांना जून 2023 पासून साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे आणि महाराष्ट्राच्या एसटीत मार्च 2023 पासून त्यांना अर्धं तिकीट आहे, म्हणून प्रवासखर्च देऊच नये असं काही ठिकाणी धरलं जातं. ते चूक आहे. स्टँडपासून मांडवापर्यंत आणि अंधार पडल्यावर घरापर्यंत गाडी द्यावी लागते. सोबत येणाऱ्या माणसाचं भाडंही हिशोबात धरा. चालकाचा नंबर आदल्या दिवशी कळवा.

संमेलनाच्या दिवशी

घोटाळा सगळ्यात जास्त इथंच होतो. उद्घाटनाला 25 जणांचे सत्कार ठेवले आणि प्रत्येकाला दीड मिनिट धरलं, तरी साडेसदतीस मिनिटं गेली. त्यात पाहुण्यांची भाषणं लांबतात, जेवण उशिरा होतं आणि 75 मिनिटांचा परिसंवाद 40 वर येतो. मग शेवटी ठेवलेल्या वक्त्यांना ‘दोन मिनिटांत आवरा’ अशी चिठ्ठी जाते. बहुतेकदा त्या स्त्रियाच असतात. म्हणून सत्कार 8 वर आणा आणि पहिलं भाषण स्त्रीला द्या. 75 मिनिटं अशी वाटावीत: परिचय 2, चार भाषणं 12 मिनिटांची म्हणजे 48, प्रश्न 15, अध्यक्षीय समारोप 10. वेळ कमी पडली तर अध्यक्षांसकट सगळ्यांची सारखी कापा.

परिचय सगळ्यांचा चार ओळींचा, कामाचा. पुरुषाची पुस्तकं सांगायची आणि बाईंबद्दल ‘घर सांभाळून लिहितात’ म्हणायचं, हे बंद करा. माईक खाली-वर होतो का ते सकाळीच बघा. शाळेच्या मैदानावर मांडव असेल तर महिलांच्या स्वच्छतागृहाची कडी आणि पाणी स्वतः जाऊन तपासा.

प्रश्नांची वेळ झाली की माईक आधी बायकांच्या बाजूला पाठवा. 10 देशांतल्या 247 शैक्षणिक व्याख्यानांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला प्रश्न पुरुषानं विचारला की नंतर स्त्रियांचे प्रश्न कमी होतात, असं त्यात दिसलं. ज्यांना उभं राहून बोलायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन वाटा.

नंतर

आठवड्याभरात एक वही करा. बोलावलेल्या सगळ्या जणींचं नाव, नंबर, विषय आणि नकार आला असेल तर त्याचं कारण तीत लिहा. ज्या चांगलं बोलल्या त्यांच्या नावापुढं ‘पुढच्या वर्षी परिसंवादाच्या अध्यक्ष’ अशी नोंद करा आणि नव्या कार्यकारिणीला हिशोबाच्या कागदांसोबत ही वहीही द्या.