नवऱ्याच्या नावावरची गाडी बायकोच्या नावावर करताना

नवऱ्याच्या पश्चात गाडी आपोआप बायकोची होत नाही. मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला लेखी कळवा, मग मृत्यूपासून 3 महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते. त्याच 3 महिन्यांत मालकी बदलाचा फॉर्म 31 भरायचा. सोबत मृत्यू दाखला, मूळ आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि चालू विमा. फॉर्म 29-30 विक्रीचे. त्यांवर मृताची सही ‘मारून’ गाडी परस्पर विकू नका, ती सरळ फसवणूक ठरते.

अडतं ते बहुधा वारसांपाशी. हिंदू वारसा कायद्यात बायको आणि मुलांबरोबर मृताची आईही वारस असते. सासूबाईंचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र राहिलं की फाइल परत येते. आरसीवर नॉमिनी नोंदवलेला असेल तर काम बरंच सोपं.

कर्ज असल्यास आधी बँकेकडे जा; फेडून झालं असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी जोडून आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवा. ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येऊ शकतो, म्हणून सिम लगेच बंद करू नका. विमाही आपल्या नावावर करून घ्या, आणि तेव्हा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मागायला विसरू नका. या स्थितीत तो जोडीदाराला मिळतो, एजंट सांगेलच असं नाही.