साल नको, चॅसी नंबर पाठव

भाच्याचा फोन आला. “मामा, एकाच मॉडेलच्या दोन सेकंडहँड गाड्या पाहिल्यात. एक २०१३ ची, एक २०१४ ची. अलीकडची घेऊ ना?” म्हटलं, साल राहू दे, दोन्हींचे चॅसी नंबर पाठव. त्याला वाटलं, मामा टाळतोय.

साल का राहू द्यायचं? शेव्हरोले कोबाल्टचं उदाहरण घ्या. या छोट्या गाडीचं इग्निशन स्विच इतकं सैल होतं, की किल्ल्यांचा जड जुडगा लोंबकळला तरी किल्ली घसरायची. धावत्या गाडीचं इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडायची नाही. २००६ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिनिअरने स्विच बदलायला मंजुरी दिली, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला, त्यामुळे जुना स्विच कोणता आणि नवा कोणता, हे नंबरावरून कळेना. फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाला तो २००७ पर्यंतच्या गाड्यांचा. पुढच्याच महिन्यात २००८ ते २०११ च्या गाड्याही बोलवाव्या लागल्या, कारण दुरुस्तीच्या वेळी त्यांत जुने स्विच बसले असण्याची शक्यता होती. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. आता सांगा, ‘२००९ ची आहे, त्यात तो प्रॉब्लेम नव्हता’ या वाक्याला काय किंमत?

तर नंबर. रिकॉल आपल्या गाडीला लागू आहे का, ते यावरून कळतं. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर सापडतो. फोटो काढा आणि कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा. सतरा अक्षरं-आकडे असतात, आणि त्यांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. भाच्याने शून्याच्या जागी ओ टाकला, साइटवर काहीच आलं नाही, आणि पठ्ठ्या खूश: “रिकॉल नाहीच!” अरे, गाडीच सापडली नव्हती. दाराजवळच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना असेल तर तोही टिपून घ्या. दोष अनेकदा ठरावीक महिन्यांच्या मालात असतो आणि वर्षाच्या मध्येच संपतो.

नंबर कंपनीच्या साइटवर टाका, देशाची सरकारी साइट असेल तर तिथेही. पण उत्तर नीट वाचा. अमेरिकेच्या सरकारी साइटवर फक्त राहिलेली दुरुस्ती दिसते, झालेली नाही, आणि तीही मागच्या १५ वर्षांतल्या रिकॉलची. म्हणून जुन्या गाडीसाठी मी अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करतोच. एकच विचारायचं: या नंबरावर कोणकोणते रिकॉल निघाले, आणि कोणते कधी पूर्ण झाले? ‘सगळं केलंय’ हे मालकाचं म्हणणं झालं. आपल्याला जॉब कार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दिलेली कामाची नोंद हवी, तारखेसकट.

तारीख का? ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमुळे. इन्फ्लेटरमधलं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं, अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन बिघडायचं. मग एअरबॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे थेट अंगावर. काही गाड्यांत सुरुवातीला बसवलेला बदली इन्फ्लेटरही त्याच जातीचा होता, तो नंतर पुन्हा बदलावा लागला. एकदा काम झालं म्हणजे संपलं, असं नाही.

बटणंही बघा. होंडाने २०१० मध्ये जॅझ, फिट, सिटी मिळून सुमारे ६ लाख ४६ हजार गाड्या परत बोलावल्या. उघड्या खिडकीतून पाणी ड्रायव्हरच्या काचेच्या स्विचमध्ये शिरून आग लागण्याचा धोका होता. स्विच अडखळत असेल किंवा जळका वास येत असेल, तर सौदा थांबवा.

क्लच लवकर झिजतो, एसी मंद, दारं खडखडतात, या तक्रारी रिकॉलमध्ये सहसा येत नाहीत. त्यासाठी ओळखीचा मेकॅनिक बरा. रिकॉलची दुरुस्ती साधारणपणे फुकट होते, गाडी तिसऱ्या मालकाकडे असली तरी. नवीन पार्टचं नाव बिलावर लिहून घ्या.

भाच्याच्या २०१४ च्या गाडीवर एअरबॅगचं काम बाकी निघालं. २०१३ चीचं झालेलं होतं, जॉब कार्ड मालकिणीने फाइलमध्ये जपून ठेवलेलं. तरी त्याला २०१४ चीच हवी होती, रंगासाठी. घे म्हटलं, पण पैसे एअरबॅग बदलून आल्यावर.