पगार शून्य, व्याज बिनकराचं

धाकटीच्या वेळी मी इथली, इंग्लंडमधल्या रेडिंगची, नोकरी सोडली. आमची शिल्लक, ४०,००० पौंड, ४ टक्के दराने नवऱ्याच्या नावावर होती. एक दिवस एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, पाकीट आलं. नवऱ्याचा टॅक्स कोड, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा क्रमांक, बदललेला. इथे बँका व्याजाचा आकडा परस्पर कळवतात आणि कर पगारातून वळता होतो. वर्षाचं व्याज १,६००. तो ४० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, म्हणून त्याला ५०० माफ आणि उरलेल्या १,१०० वर ४४० पौंड कर. हेच पैसे माझ्या खात्यात असते तर एक पेनीही गेली नसती.

ज्याची काहीच कमाई नाही, त्याला ब्रिटनमध्ये तीन सवलती एकावर एक मिळतात. पहिली पर्सनल अलाउन्सची, म्हणजे कुठल्याही उत्पन्नाच्या बिनकराच्या पहिल्या भागाची, १२,५७० पौंड. पगारदाराची ती पगारातच संपते. मग फक्त व्याजासाठी असलेल्या 'स्टार्टिंग रेट फॉर सेव्हिंग्ज'चे ५,०००. वर पर्सनल सेव्हिंग्ज अलाउन्सचे १,००० (नवऱ्याला माफ झालेले ५०० ते हेच, ४० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ही सवलत निम्मी होते). बेरीज १८,५७०. एवढं व्याज यायला ४ टक्क्यांनी साडेचार लाखांहून जास्त पौंड ठेवावे लागतील, तेव्हा मर्यादेची काळजी आपण करायला नको. मधली सवलत मात्र नाजूक आहे. पार्टटाइम पगार किंवा घरभाड्याचं उत्पन्न १२,५७० च्या वर जितकं जाईल, तितकी ती घटते.

करायचं काय, तर आधी स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडा. जॉइंट नको, कारण नवरा-बायकोच्या जॉइंट खात्याचं व्याज निम्मं-निम्मं धरतात. आमच्या हिशेबात त्याच्या वाट्याला ८०० आले असते आणि १२० पौंड कर बसलाच असता. खातं उघडलं की नवऱ्याने पैसे तिकडे पाठवायचे, बस.

यावर सांगलीहून बाबांचा फोन. "अगं, क्लबिंग होईल!" बाबा बँकेतून रिटायर झालेत आणि भारतापुरतं त्यांचं बरोबर आहे, तिथे बायकोला दिलेल्या पैशांचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. इथे नवरा-बायकोत तसं नाही. फक्त देणं खरंखुरं हवं, म्हणजे पैसे तुमचे, त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवणार, आणि 'कर वाचला, आता परत दे' चालणार नाही. आमच्याकडे या अटीवर दोन दिवस चर्चा चालली.

"मग मुलींच्या नावावर ठेवू," ही पुढची सूचना. त्यात खोच आहे. आई किंवा बाबांनी दिलेल्या पैशांवर मुलाला वर्षाला १०० पौंडांपेक्षा जास्त व्याज आलं, तर ते सगळंच देणाऱ्याचं धरतात. आजी-आजोबांच्या पैशांना हा नियम नाही. (ज्युनिअर आयसा, म्हणजे मुलांच्या नावाचं बिनकराचं बचत खातं, त्यालाही नाही.)

आणखी एक फायदा मला नंतर कळला. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, ६०,००० पौंडांच्या वरच्या उत्पन्नावर परत द्यावं लागू लागतं, आणि त्या उत्पन्नात व्याजही मोजतात. काठावर असलेल्या घरांनी हे जरूर बघावं.

आयसाचं व्याज कोणालाही बिनकराचं, पण घरी असताना मला त्याची गरज नाही. जिथे दर चांगला, तिथे ठेवते. जुन्या मैत्रिणी अजून आर८५, म्हणजे व्याजावर कर कापू नका असं बँकेला सांगायचा फॉर्म, विचारतात. तो २०१६ मध्येच बंद झाला, आता बँक कर न कापताच व्याज देते. व्याज वर्षाला १०,००० च्या वर गेलं तर मात्र सेल्फ असेसमेंट, म्हणजे कराचं विवरणपत्र, स्वतः भरावं लागतं.

आपल्या लोकांची खरी गफलत एनआरई एफडीत, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या ठेवीत, होते. ते व्याज भारतात करमुक्त, म्हणून इथेही असणार असं धरून चालतात. काही वर्षं इथे राहिलेल्याला ते इथल्या उत्पन्नात दाखवावं लागतं. एफडी नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या दराने कर.

शेवटचं काम आम्ही विसरलो होतो. पैसे हलवले तरी नवऱ्याचा टॅक्स कोड मागच्या वर्षीच्या व्याजाच्या अंदाजावरच चालू राहिला. एचएमआरसीच्या ऑनलाइन खात्यात जाऊन त्याने व्याजाचा अंदाज शून्य केला, तेव्हा कुठे पुढच्या महिन्याची पगाराची स्लिप सुधारली.