जुन्या रग्बी लीग खेळाडूचं सैनिकी आयुष्य कसं शोधावं

पहिल्या महायुद्धात लढलेल्या रग्बी लीग (रग्बीचा तेरा खेळाडूंचा प्रकार) खेळाडूची माहिती काढायची असली की बहुतेक जण थेट लष्करी कागदांकडे धावतात. मी सुरुवात क्लबपासून करतो. कारण साधं आहे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात ब्रिटिश सैनिकांच्या सेवा-नोंदींपैकी निम्म्याहून जास्त जळून गेल्या. शनिवारच्या सामन्याचं वर्तमानपत्रातलं वर्णन मात्र बहुधा टिकून असतं.

शोधताना 'रग्बी लीग' टाकाल तर हाती फारसं लागणार नाही. १८९५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब मूळ रग्बी संघटनेपासून वेगळे झाले ते 'नॉर्दर्न युनियन' म्हणून. इंग्लंडमध्ये आजचं नाव १९२२ मध्ये आलं. तेव्हा १९१४ चे अंक चाळताना जुनंच नाव वापरा. ही फूट पडली त्यात बुडालेल्या मजुरीच्या भरपाईचा वाद मोठा होता, म्हणजे खेळाडू पोटापाण्यासाठी दुसरं काम करणारेच होते. १९११ च्या जनगणनेत तो व्यवसाय आणि पत्ता सापडतो, आणि एकाच नावाच्या दहा माणसांतून आपला माणूस वेगळा काढता येतो.

आता कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे सामने, उजवीकडे पलटण. दोन्हीकडे फक्त तारखा.

हल क्लबच्या जॅक हॅरिसनचं उदाहरण घेऊ. डावीकडे: पेशाने शिक्षक, १९१३-१४ च्या हंगामात ५२ ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण), एप्रिल १९१४ मध्ये वेकफील्ड ट्रिनिटीला हरवून चॅलेंज कप ही बाद फेरीची स्पर्धा जिंकली. उजवीकडे: ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटची ११ वी बटालियन, सेकंड लेफ्टनंट. ३ मे १९१७ ला फ्रान्समधल्या ओपी वुडपाशी शत्रूच्या मशीनगनने त्याच्या तुकडीला रोखून धरलं, तेव्हा पिस्तूल आणि एक हातबॉम्ब घेऊन तो एकटा त्या गनवर धावून गेला. तो परतला नाही. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्याची कबर सापडलेली नाही, नाव अरासच्या स्मारकावर आहे. दोन रकाने शेजारी ठेवले की कप आणि ती सकाळ यांत जेमतेम तीन वर्षं होती, हे डोळ्यांसमोर येतं. मला तरी हा सगळा खटाटोप त्यासाठीच करावासा वाटतो.

अशी दिवसाची हकीकत मिळते ती बटालियनच्या युद्ध-डायरीत. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार) ती 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत आहे. साध्या शिपायाचं नाव तिथे क्वचितच येतं, त्यामुळे आधी पदक-कार्डावरून (सैनिकाला मिळालेल्या पदकांची नोंद असलेलं कार्ड) रेजिमेंट आणि सैनिक क्रमांक मिळवा. अधिकारी असेल तर 'डब्ल्यूओ ३३९' ही अधिकाऱ्यांच्या फाइलींची मालिका पाहा. मुख्य फाइली १९४० च्या आगीत गेल्या असल्या तरी पत्रव्यवहार बराच उरला आहे. माणूस ऑस्ट्रेलियाच्या फौजेतला असेल तर काम सोपं: तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पूर्ण फाइल फुकट वाचता येते.

एका जागी हमखास गोंधळ होतो. १९१५ नंतर नेहमीच्या स्पर्धा थांबल्या, बिनपगारी सामने सुरू राहिले, आणि खेळाडू पाहुणे म्हणून दुसऱ्या संघांतूनही उतरत. १९१६ च्या यादीत अनोळखी क्लबाच्या नावापुढे तुमचा माणूस दिसला तर त्याने क्लब बदलला असं लिहून मोकळे होऊ नका. त्याची छावणी जवळपास होती का, ते आधी तपासा.

शोध १९१८ वर थांबवू नका, ही माझी आग्रहाची विनंती. हडर्सफील्डचा डग्लस क्लार्क आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये (लष्कराचा रसद-वाहतूक विभाग) होता. त्याला मिलिटरी मेडल मिळालं, १९१७ मध्ये तो जखमी झाला, विषारी वायूही त्याच्या फुप्फुसांत गेला. तरी १९२० च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर तो गेलाच. म्हणून १९१९ पासूनच्या संघ-याद्याही डावीकडच्या रकान्यात उतरवा, आणि जे नाव परत दिसत नाही ते युद्धात मेलेल्यांच्या कबरींची आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत पाहा.